एफ 1 दाबा

आमच्या ऑफिसात कॉम्प्युटरचा जाणकार म्हणून माझी ख्याती आहे. कारण एकच, प्रिंटरमध्ये अडकलेला कागद मी एकदा न फाडता बाहेर काढला होता. एरवी मी साधा हिशेबनीस. इंदूरच्या सियागंजात वहीखाती सांभाळता सांभाळता केस पांढरे झाले. तरी कॉम्प्युटर सपोर्टसाठी मुलगा नेमायची वेळ आली तेव्हा शेठ म्हणाले, "भाऊसाहेब, इंटरव्ह्यू आपही ले लो."

ही बातमी रामबागेत माझ्याआधी पोचली. घरी गेलो तर टेबलावर चिवड्याचा डबा आणि डब्याखाली बायोडेटा. हिच्या मावसबहिणीच्या जावेचा मुलगा. "प्रश्न सोपे विचारा हो," ही म्हणाली. जसे काही अवघड मला येत होते!

भाच्याला बसवून 20 प्रश्न उत्तरांसकट लिहून घेतले. दुसऱ्या दिवशी पहिल्याच उमेदवाराला विचारलं, "आयपी ॲड्रेस म्हणजे काय?" तो म्हणाला, "सर, व्हर्जन 4चा की 6चा?" कागदावर व्हर्जन नव्हतं. मी म्हटलं, "जो जास्त जमत असेल तो."

पाठांतर मात्र सगळ्यांचं चोख. नेटवर्कचे 7 थर प्रत्येकानं भीमरूपीच्या चालीत म्हणून दाखवले. मग विचारलं, "समजा जेल रोडहून फोन आला, पासवर्ड बरोबर आहे पण घेत नाही. काय कराल?" कॅप्स लॉक बघायला सांगू, एवढंच हवं होतं. चौघं म्हणाले, "फॉर्मॅट मारू." त्यात 6 वर्षांचा हिशेब आहे म्हटल्यावर एक जण म्हणाला, "मग बॅकअप घेऊन मारू." त्यातल्या त्यात हाच विचारी.

शेवटी भाचा म्हणाला, मामा, तोंडी पुरे, प्रॅक्टिकल घ्या. संध्याकाळी एका जुन्या मशीनमध्ये आम्ही तीन खोड्या केल्या. नेटची वायर जराशी बाहेर ओढली, लांबून बघणाऱ्याला लागलेलीच वाटावी अशी. डीएनएसचा आकडा बदलला. हा डीएनएस म्हणजे गल्लीच्या तोंडावरचा पानवाला, नाव सांगितलं की पत्ता सांगतो. भलत्याच पानवाल्याला गाठलं की घर जागच्या जागी, आपण मात्र भटकतोय. आणि मदरबोर्डवरचा बटणासारखा सेल काढून खिशात टाकला. मशीनची वीज गेली तरी आतलं घड्याळ त्या सेलवर चालतं. तो नसला की मशीन तारीख विसरतं, आणि नेटवरच्या साइटी म्हणतात, आमच्या सर्टिफिकेटची मुदत तर अजून सुरूच व्हायचीय.

दुसऱ्या दिवशी मशीन चालू केलं की काळ्या पडद्यावर तक्रार यायची, खाली लिहिलेलं, एफ 1 दाबा. दहाच्या दहा जणांनी दाबला. तक्रार एकानंही वाचली नाही. सातही थर तोंडपाठ, पण सर्वांत खालचा थर म्हणजे ती वायर, तिच्याकडे कोणी वाकून बघेना. एकानं चारदा रिस्टार्ट केलं, एक जण बाथरूममध्ये जाऊन भावाला फोन करून आला. माझा फायदा एवढाच, की खोड्या पुन्हा कराव्या लागल्या नाहीत.

चिवडेवाला शेवटी आला. वशिल्याचा म्हणून त्याला पाच मिनिटांत वाटेला लावायचं, असं मी ठरवलंच होतं. "नमस्कार काका... म्हणजे सर." खुर्चीत न बसता पोरगं सरळ टेबलाखाली शिरलं. टक्! वायर बसली. मग पडद्यावरची तक्रार त्यानं चक्क वाचली. "काका, सेल कोणी काढला का?" माझा हात खिशाकडे गेला. खिसा रिकामा, शर्ट कालचा नव्हता.

त्यानं 8.8.8.8 या आकडी पत्त्याला पिंग मारलं, म्हणजे नेटवरून हाक मारून बघितली, उत्तर आलं. साइटचं नाव घालून मारलं, काही नाही. "रस्ता चालू आहे काका, नाव सांगणारा झोपलाय." डीएनएस नीट केला. मग तारीख हातानं घालायला गेला तर शून्याचं बटण दाबलं जाईना. कीबोर्ड उलटा करून टेबलावर आपटला. लौंगेची शेव पडली, चांगली मूठभर.

"ही खोडी पण तुमचीच का?"

"नाही. ती रोज दुपारची."

वशिला ज्याचा त्यालाच काम येतं, अशी अडचण मला 30 वर्षांच्या नोकरीत पहिल्यांदाच आली. आता बाकीच्या दहा जणांना हे पटणार कसं? शेठना तर एका मिनिटात पटलं, त्यांचा स्वतःचा भाचा त्या दहांत असूनही. बहुधा ते त्याला ओळखत असावेत.

घरी येऊन सेलबद्दल विचारलं. ही म्हणाली, "शर्ट धुवायला टाकताना सापडला. वजनकाट्यात घातला, दिवाळीपासून बंद पडला होता." काट्यावर मला उभं करून झालं, आकडा सगळ्या घराला ऐकवून झाला. सेल परत मागायची माझी छाती झाली नाही.

सकाळी त्याच मशीनवर नेमणुकीचं पत्र काढलं. रात्री निघताना मी सवयीप्रमाणे भिंतीवरचं बटण बंद केलं होतं. पत्रावर तारीख आपोआप पडते. मी सही केली, शिक्का मारला, पत्र मुलाच्या हातात दिलं. त्यानं ते वाचलं, सवयीप्रमाणे वरपासून.

"काका, यावर 1 जानेवारी 2009 आहे. तेव्हा मी पहिलीत होतो."

"बरं मग?"

"नाही, पगार तेव्हापासूनचा धरून राहिलेत का, एवढंच विचारतोय."