मतदारयादीची ‘सफाई’: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. परखड प्रतिक्रियेबद्दल आभार. तुमचे आक्षेप थोडक्यात असे: अमेरिकेतल्या राज्यांनी मृतांची, राज्य सोडून गेलेल्यांची आणि नागरिक नसलेल्यांची नावं यादीतून काढली तर मी एवढा गळा का काढतो, ओहायो आणि व्हर्जिनियाच्या बाजूने तर खुद्द सुप्रीम कोर्ट उभं राहिलं, आणि कर नाही त्याला डर कशाला, डॅलसला असलेल्या तुमच्या भाच्याला कधी काही त्रास झालेला नाही.

नावं काढण्याला माझा विरोध नाहीच. याद्या साफ ठेवा असं १९९३ चा केंद्रीय कायदाच राज्यांना सांगतो. भांडण आहे ते पद्धतीचं. मतदार दुसरीकडे राहायला गेल्याचा संशय असेल तर आधी त्याला पत्र पाठवा, उत्तर आलं नाही तर पुढच्या दोन केंद्रीय सार्वत्रिक निवडणुका होऊ द्या, आणि निवडणुकीआधीच्या ९० दिवसांत घाऊक छाटणी करू नका, हेही तोच कायदा सांगतो. बरेचसे खटले या अटींवरूनच उभे राहिले.

ओहायोचा निकाल २०१८ चा, ५ विरुद्ध ४. तिथली पद्धत अशी: दोन वर्षं मत दिलं नाही की ‘अजून इथेच राहता का?’ असं विचारणारं कार्ड घरी येतं. त्याला उत्तर दिलं नाही आणि पुढची चार वर्षंही मतदान केलं नाही, की नाव गेलं. हे कायद्यात बसतं असं बहुमत म्हणालं. पण ही पद्धत आदर्श आहे का, हे ठरवणं आमचं काम नाही, असं निकाल लिहिणाऱ्या न्यायमूर्ती अलिटोंनीच त्यात स्पष्ट केलंय. विरोधी मत लिहिणाऱ्या न्यायमूर्ती ब्रायर यांनी दिलेले आकडे मात्र जरूर पाहा. २०१२ मध्ये ओहायोने सुमारे १५ लाख मतदारांना कार्डं पाठवली. आम्ही घर बदललं असं कळवणारे होते ६० हजार. इथेच आहोत म्हणणारे २ लाख ३५ हजार. दहा लाखांहून जास्त लोकांनी उत्तरच दिलं नाही. राज्यात मतदार होते सुमारे ८० लाख. एवढे सगळे गाव सोडून गेले असतील? मला तर वाटतं, बँकेची पत्रं आपण जशी न उघडता टाकतो, तशीच ती कार्डं गेली.

आता तुमच्या भाच्याबद्दल. त्याच्याच टेक्सासमध्ये २०१९ च्या जानेवारीत राज्याने जाहीर केलं की यादीतले ९५ हजार लोक नागरिक नसावेत, आणि त्यातल्या ५८ हजारांनी कधी ना कधी मतदानही केलंय. मोठा गदारोळ झाला. ही माहिती आली कुठून? ड्रायव्हिंग लायसन्सच्या नोंदींतून. ग्रीन कार्डवर असताना लायसन्स काढलं, पुढे शपथ घेऊन नागरिक झालात, तर ते लायसन्स खात्याला कळवण्याचं बंधन नव्हतं. लायसन्स वर्षानुवर्षं चालतं, म्हणून नोंद जुनीच राहते. अमेरिकेत स्थायिक झालेल्या आपल्या कितीतरी मराठी कुटुंबांचा प्रवास नेमका हाच नाही का? काही दिवसांतच कळलं की त्या यादीतले हजारो लोक रीतसर नागरिक आहेत. ज्यांना नोटीस गेली त्यांना मात्र ३० दिवसांत नागरिकत्वाचा पुरावा द्या, नाहीतर नाव काढू, असं सांगण्यात आलं होतं. म्हणजे कर नसलेल्यालाच डर. एप्रिलमध्ये तडजोड झाली, राज्याने मोहीम मागे घेतली आणि वादींच्या वकिलांच्या फीपोटी साडेचार लाख डॉलर मोजले. मोहीम काढणारे राज्याचे ‘सेक्रेटरी ऑफ स्टेट’ डेव्हिड व्हिटली यांच्या नेमणुकीला राज्याच्या सिनेटची मंजुरी मिळाली नाही, मे महिन्यात ते पायउतार झाले.

व्हर्जिनियाचं तुम्ही म्हणता ते अर्धंच खरं आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये त्या ९० दिवसांत राज्याने काढलेली सुमारे १,६०० नावं खालच्या कोर्टाने परत घालायला सांगितली आणि सुप्रीम कोर्टाने त्या आदेशाला स्थगिती दिली. कारण एका ओळीचंही दिलं नाही, तीन न्यायाधीशांनी विरोध नोंदवला. स्थगिती म्हणजे निकाल नव्हे, हे आपल्याकडच्या पेपरवाचकाला तरी वेगळं सांगायला नको. शिवाय व्हर्जिनियात मतदानाच्या दिवशीही नोंदणी करता येते, त्यामुळे चुकून नाव गेलेल्याला एक वाट तरी उरते. अलाबामात तीही नाही. तिथे निवडणुकीला ८४ दिवस उरले असताना ३,२५१ नावांवर मोहीम निघाली, आणि त्यातले निदान २,००० जण रीतसर मतदार निघाले. कोर्टाने ती थांबवली.

‘मग याद्या साफ करायच्या तरी कशा?’ हा तुमचा शेवटचा प्रश्न मला सगळ्यात रास्त वाटला. अमेरिकेत नागरिकांची एक केंद्रीय यादी नाही, यादी तपासायला दारात येणारा आपल्यासारखा बीएलओ नाही. त्यामुळे एका राज्याची यादी दुसऱ्या राज्याशी ताडून पाहणं हाच भरवशाचा मार्ग. त्यासाठीच २०१२ मध्ये काही राज्यांनी मिळून ‘एरिक’ नावाची संस्था काढली. मतदारयाद्या, लायसन्सच्या नोंदी, मृत्यूच्या नोंदी, पोस्टाकडचे पत्ताबदल असं सगळं जुळवून कोण वारलं, कोण हललं, कोणाचं नाव दोन राज्यांत आहे, हे ती राज्यांना कळवते. ओहायो, टेक्सास, व्हर्जिनिया आणि अलाबामा, वर आलेली ही चारही राज्यं तिची सभासद होती. सगळ्यात मोठ्या आवाजात ‘याद्या साफ करा’ म्हणणाऱ्या या चौघांनीही २०२३ मध्ये एकापाठोपाठ एक बाहेर पडायचं ठरवलं.