या वयात लिपस्टिक कशाला?

साठी उलटलेली बाई भाजी आणायला जाताना जरा लिपस्टिक लावून निघाली की झालं सुरू. "आज काय विशेष?" अहो, काही विशेष नाही! मला आवडते म्हणून लावते. नणंदबाई तर थेट माझ्या ओठांकडे बघत "आता नातवंडं झाली की गं" म्हणतात. त्याच घरातले काका दर पंधरवड्याला केसांना, मिशीलासुद्धा कलप लावतात, तर त्यांचं कौतुक!

बरं, नाही लावली तर? "चेहरा ओढल्यासारखा दिसतोय, बरं नाही का?"

पाळी गेल्यावर त्वचा कोरडी पडते, ओठ पातळ होतात, भुवया विरळ होतात. मग पेन्सिलीची एक रेघ ओढली तर कुणाचं काय जातं? माझ्या मैत्रिणीचे यजमान गेले, तिने साधी टिकली लावली तरी सोसायटीत कुजबुज. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडने २०२२ साली ग्रामसभेत ठराव करून कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं बंद केलं आणि इथे शहरातल्या शिकल्यासवरल्यांना टिकली खुपते!

जिला नको तिने लावू नये. माझी जाऊ पावडरसुद्धा लावत नाही, छान दिसते. पण माझी मरून लिपस्टिक माझ्या पेन्शनमधून येते. येत्या लग्नात कुणी विचारलंच, तर चारचौघांत तोंडावर सांगणार आहे.