कुलूपबंद फ्लॅट आणि सोसायटीची सभा

पर्वरीतल्या आमच्या संकुलात मी चौदा वर्षे राहतो आणि त्यांतली तीन वर्षे मी सोसायटीचा खजिनदार होतो. आमचे जवळजवळ निम्मे फ्लॅट वर्षातले बहुतेक महिने बंद असतात, हे पावत्या फाडताना मला पहिल्यांदा नीट समजले. त्यांतले काही दिल्ली-मुंबईकडच्या मालकांचे आहेत आणि ते सुट्टीपुरते येतात. काही आपल्याच गोवेकरांचे आहेत: कोणी आखातात आहे, कोणी तारवटी म्हणजे जहाजावर नोकरी करणारा आहे, कोणी पोर्तुगालचा पासपोर्ट घेऊन इंग्लंडला गेला आहे. त्यामुळे हा प्रश्न बाहेरचे विरुद्ध आतले असा मांडू नये, अशी माझी सुरुवातीलाच विनंती आहे. जो घरात राहतो आणि जो फक्त घराचा मालक आहे, या दोघांच्या मधल्या अंतराचा हा प्रश्न आहे.

गेल्या जुलैमध्ये जे झाले ते सांगतो. आमच्या इमारतीत पहिल्या मजल्यावर एक निवृत्त शिक्षिका एकट्याच राहतात. त्यांच्या वरचा फ्लॅट पर्यटकांना दिवसाच्या भाड्याने दिला जातो. त्या दिवशी सकाळी नळाला पाणी नव्हते, पाहुण्यांनी स्वयंपाकघरातला नळ उघडून पाहिला, तो तसाच ठेवला आणि ते विमानतळावर निघून गेले. दुपारी पाणी आले. सिंकच्या जाळीत चहाचा चोथा अडकलेला होता, त्यामुळे पाणी ओट्यावरून जमिनीवर आणि तिथून स्लॅबमध्ये मुरत राहिले. बाईंनी मला बोलावले तेव्हा त्यांच्या स्वयंपाकघराच्या भिंतीचा गिलावा फुगून पोटासारखा पुढे आला होता, आणि मे महिन्यात भरून ठेवलेले पुरुमेंत, म्हणजे सोलां, सुक्या मिरच्या, उकड्या तांदळाचा डबा, हे सगळे त्यांनी जुन्या नऊवारीवर बाहेरच्या खोलीत मांडले होते. मिरच्या एकेक करून त्या फडक्याने पुसत होत्या. वरच्या दाराला आकड्यांचे कुलूप होते, मालकांचा फोन बंद होता, आणि दार फोडायचा अधिकार आम्हाला आहे की नाही हे कमिटीतल्या एकालाही ठामपणे सांगता येईना. शेवटी गच्चीवरचा व्हॉल्व्ह बंद केला, तेव्हा त्याच पाइपावरची आणखी चार कुटुंबे रात्रभर पाण्यावाचून राहिली.

मालकांनी नंतर भिंतीचा खर्च दिला, हे मुद्दाम नमूद करतो. ते मेंटेनन्सही वेळेवर भरतात. माझ्या वहीतली जुनी थकबाकी बहुतांशी इथेच राहणाऱ्यांची होती. परंतु पैसे भरणे म्हणजे जबाबदारी पार पाडणे, ही समजूत मला मान्य नाही. गच्चीवर पत्रे घालण्याचा विषय आमच्याकडे तीन पावसाळे रखडला, कारण सर्वसाधारण सभेला गणपूर्ती होत नाही. अर्ध्या तासाने तीच सभा पुन्हा भरवून मूठभर माणसे ठराव करतात, आणि तो व्हॉट्सॲपवर गेला की सभेला न आलेले मालक त्यावर हरकत घेतात. दुसरीकडे, आठ वर्षे भाड्याने राहणारे, जिना स्वच्छ ठेवणारे, ओला आणि सुका कचरा न चुकता वेगळा करणारे कुटुंब सभेच्या वेळी घरात बसून राहते, कारण त्यांना कोणी बोलावतच नाही.

माझी मावसबहीण अमेरिकेत टेक्सासमध्ये राहते आणि तिच्या वसाहतीत होमओनर्स असोसिएशन आहे. तिच्या तक्रारी बरोबर उलट्या आहेत: गवत किती वाढावे, दाराला कोणता रंग असावा, हे सगळे असोसिएशन ठरवते आणि वर्गणी थकली तर घरावर बोजा चढवू शकते. घरासमोर राष्ट्रध्वज लावण्याचा रहिवाशाचा हक्क अशा संस्थांपासून राखण्यासाठी तिथे २००६ साली कायदा करावा लागला. तिचे ऐकून मला वाटते की तिथे संस्था घरात फार डोकावते, तर आमच्याकडे संस्थेत डोकावायला माणूसच नाही.

गोव्याच्या मातीला हा प्रश्न नवा नाही. आपली गावकारी ही सामाईक मालमत्तेची व्यवस्था पोर्तुगिजांच्या आधीची. १५२६ च्या फोरालात, म्हणजे पोर्तुगीज सनदेत, तिच्या रूढी लिहून काढल्या गेल्या. खाजनाचा, म्हणजे खाऱ्या पाण्यालगतच्या सखल शेतजमिनीचा, बांध राखणे हे सगळ्यांचे काम होते, कारण एका ठिकाणी खांड पडली की खारे पाणी सगळ्यांच्या शेतात शिरते. पुढे जमीन एकाची आणि राबणारा दुसरा अशी फारकत झाली, तेव्हा १९६४ च्या कूळ कायद्याने प्रत्यक्ष कसणाऱ्याला संरक्षण दिले आणि बांधांची जबाबदारी कुळांच्या संघटनांकडे आली. त्या संघटना सगळीकडे नीट चालल्या असे मी म्हणणार नाही, पडीक खाजने डोळ्यांसमोर आहेत. तरीही बांधाजवळ जो उभा आहे त्याला त्या बांधाविषयी बोलण्याचा अधिकार असावा, हे तत्त्व मला इमारतीच्या बाबतीतही तितकेच खरे वाटते.

गोव्याला स्वतःचा सहकारी संस्था कायदा २००१ साली मिळाला. त्याआधी महाराष्ट्राचा १९६० चा कायदा इथे लागू होता. मतदान सभासदाचे, म्हणजे मालकाचे, हे मला मान्य आहे आणि ते बदलावे असे मी म्हणत नाही. पण भाडेकरूला सभेत बसू देणे आणि त्याचे म्हणणे इतिवृत्तात लिहून घेणे, एवढे करायला कोणाची हरकत असावी? बंद फ्लॅटच्या प्रत्येक मालकाने पर्वरीत किंवा पणजीत राहणाऱ्या एका माणसाचे नाव व फोन सोसायटीला द्यावा आणि त्याच्याकडे किल्ली असावी. पाणी, गॅस किंवा आग अशा प्रसंगी दोन साक्षीदारांसमोर दार उघडण्याची तरतूद उपविधीत लिहून ठेवावी. पर्यटकांना फ्लॅट देणाऱ्याने १९८२ च्या कायद्याप्रमाणे पर्यटन खात्याकडे नोंदणी करून त्या दाखल्याची प्रत कमिटीला दिलीच पाहिजे, कारण रात्री अकराला सामान घेऊन जिना चढणारी माणसे कोण आहेत हे खालच्या मजल्यावर एकट्या राहणाऱ्या बाईला ठाऊक असायला हवे.

या सगळ्या गोष्टींचा ठराव मी लेखी दिला आहे आणि त्याला अनुमोदन त्या शिक्षिकाबाईंचे आहे. सभा पुढल्या महिन्यातल्या दुसऱ्या रविवारी सकाळी दहाला, स्टिल्ट पार्किंगमध्ये आहे. भाड्याने राहणाऱ्या सगळ्या कुटुंबांच्या दारांवर मी स्वतः जाऊन निमंत्रण देणार आहे, आणि खुर्च्या त्यांच्याही मोजून मागवल्या आहेत.