उंदरांचा टाळू आणि वहिनीचा पंप
गाभण उंदरांना स्टिरॉइड दिलं की पिल्लांचा तोंडातला टाळू दुभंगतो, हे तुमच्या लेखात वाचून म्हापशाच्या माझ्या वहिनीनं स्टिरॉइड असलेला दम्याचा पंप थेट साड्यांच्या घडीखाली दडवला. सहावा महिना, त्यात गोव्याचा पावसाळा, भिंतींना बुरशी! उंदरांचं खरंच आहे. १९५१ मध्ये मॉन्ट्रियलला फ्रेझर आणि फेनस्टॅट यांनी कॉर्टिझोन हे स्टिरॉइड टोचून ते दाखवलं. पण डोस केवढा मोठा! शिवाय एका वाणात जवळपास सगळ्या पिल्लांना फट, तर दुसऱ्यात फारच थोड्यांना. माणसाच्या बाळाचा टाळू बाराव्या आठवड्याच्या सुमारास जुळलेला असतो. उलट आईला धाप लागली तर बाळालाच ऑक्सिजन कमी पडतो, एवढी एक ओळ तरी लिहायची होती हो. डॉक्टरांना फोन लावला तेव्हा कुठे पंप बाहेर आला.