"रामटेकला आता काही उरलं नाही" या मेसेजला उत्तर

नागपुरातल्या फिरणाऱ्या लोकांच्या ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतोय. मला तो आठवड्याभरात तीन ठिकाणांहून आला, त्यातला एक माझ्या सख्ख्या मावसभावाकडून. मेसेज लांबलचक आहे, पण त्यात म्हटलंय ते एवढंच: रामटेकला (नागपूरजवळची राममंदिराची टेकडी, म्हणजे आपला गड) रविवारी जाऊ नका, वर नुसती गर्दी आणि वानरं, चालण्यासारखं काही नाही, गाडी थेट वर जाते आणि दहा मिनिटांत सगळं संपतं, मंदिरं नागपूरकर भोसल्यांच्या काळातली आहेत, "प्राचीन" वगैरे म्हणणं उगाच, झाडीतल्या वाटा धोक्याच्या, तिकडे फिरकू नका, आणि खरंच चालायची हौस असेल तर सुट्टी काढून सह्याद्रीत जा.

मी गेली वीस-बावीस वर्षं रामटेकला पायी चढतोय. पहिल्यांदा वडिलांचं बोट धरून गेलो, आता माझी मुलगी माझ्या पुढे चालते. म्हणून या मेसेजला मुद्देसूद उत्तर द्यायचं ठरवलं.

पहिला मुद्दा गर्दीचा. यातलं जे खरं आहे ते आधी मान्य करतो. रामनवमीला आणि त्रिपुरी पौर्णिमेला, म्हणजे गडावर टिपूर जळतो त्या रात्री, रामटेक माणसांनी फुललेलं असतं. त्या दिवशी शांतता शोधायला जाणारा चुकतोच, ती यात्रा आहे. एरवीच्या रविवारीही अकरानंतर गाड्यांची रांग लागते. पण ही गर्दी नेमकी कुठे असते ते कधी उभं राहून बघा. गाडी लावायची, वराहाच्या मूर्तीजवळ थांबायचं, दरवाज्यांतून आत जायचं, लक्ष्मणाचं आणि रामाचं दर्शन, तटावर फोटो, परत गाडी. अख्खी गर्दी या एका ओळीत चालते. ओळीच्या डाव्या-उजव्या बाजूला शंभर पावलं गेलात की आवाज कमी होतो, दोनशे पावलांवर वाऱ्याचा आवाज ऐकू येतो.

मागच्या डिसेंबरात एका रविवारी सकाळी साडेसहाला आम्ही अंबाळा तलावाकडून चढायला सुरुवात केली. वर पोचेपर्यंत आम्हाला फक्त तीन जण भेटले. घाटावर अस्थी घेऊन आलेला एक तरुण मुलगा, पंचा गुंडाळून पाण्याकडे बघत बसलेला. मधल्या वळणावर डोक्यावर काटक्यांची मोळी घेऊन उतरणारी एक बाई, तिने थांबून विचारलं, "कोठचे व्हय जी तुम्ही?" आणि शेवटच्या टप्प्यात दुधाची किटली घेतलेला एक पोरगा, जो आमच्या दुप्पट वेगाने वर गेला. रविवार होता, हंगाम ऐन भरातला होता, तरी वाट मोकळी होती.

वानरांबद्दल एवढंच: हातात उघडी पिशवी आणि प्रसादाचा पुडा ठेवू नका, त्यांना खायला घालू नका. ती गर्दीच्या ओळीतच जास्त असतात, कारण खाणं तिथे मिळतं.

दुसरा मुद्दा, चालायला काही नाही. हा मुद्दा मला सगळ्यात जास्त लागला, कारण तो लिहिणाऱ्याने गड फक्त गाडीच्या काचेतून पाहिलाय.

रामटेकची टेकडी घोड्याच्या नालेसारखी वळलेली आहे आणि त्या वळणाच्या कुशीत अंबाळा तलाव आहे. भोवतालच्या सपाटीपासून टेकडी साधारण दीडशे मीटर उंच. गाडीचा रस्ता अलीकडचा. त्याआधी शेकडो वर्षं लोक पायऱ्यांनी चढत आले: एक वाट रामटेक गावातून, दुसरी अंबाळ्याकडून. दोन्ही आजही आहेत. अंबाळ्याकडची जास्त सुंदर, आणि जास्त रिकामी. तलावाच्या कडेने घाट आणि लहान-लहान देवळं लागतात, मग पायऱ्या सुरू होतात. दगड पायांनी इतके झिजलेत की मध्यभागी उथळ वाटीसारखा खळगा झालाय. पावसाळ्यानंतर त्या खळग्यांत पाणी साचतं. एखादा दगड ताजा फुटलेला दिसला तर वाकून बघा, आतून तो तांबूस निघतो. या टेकडीला सिंदूरगिरी म्हणतात ते याच रंगामुळे. नरसिंहाने हिरण्यकशिपूला मारलं, त्या रक्ताने डोंगर लाल झाला, अशी कथा गावातली म्हातारी माणसं सांगतात.

वर आलात की सिंगपूर दरवाजा, भैरव दरवाजा, गोकुळ दरवाजा अशी एकामागून एक दारं लागतात. मंदिरांभोवतीचा घडीव तट मराठ्यांच्या काळातला. पण त्याच्या बाहेर, खालच्या अंगाला, न घडवलेल्या दगडांची नुसती रचलेली एक जुनी भिंत आहे. लोक ती गवळी राजांची म्हणतात. फारसं कुणी तिकडे बघत नाही. मला मात्र गडाचा खरा आकार त्या भिंतीमुळे कळला. आपण एखाद्या देवळाच्या आवारात नसून एका मोठ्या, जुन्या, वेढलेल्या जागेत फिरतोय, हे तिथे उभं राहिल्यावर लक्षात येतं.

आमचा नेहमीचा फेरा असा: पहाटे गणेशपेठच्या स्टँडवरून एसटी किंवा स्वतःची गाडी, मनसरला उजवीकडे वळून रामटेक, तिथून अंबाळ्यापर्यंत पायी. अंबाळ्याकडून चढ, वर गड, मग नरसिंहाची दोन्ही मंदिरं, गावाकडच्या पायऱ्यांनी उतार. निवांत बसत-उठत गेलं तर अख्खी सकाळ जाते. नागपुरातल्या सेमिनरी हिल्सवर रोज फिरणाऱ्या माणसाला हा चढ जड नाही, पण घाम येतो.

आता तिसरा मुद्दा, "सगळं भोसल्यांच्या काळातलं". पहिल्या रघूजी भोसल्यांनी गडावरच्या मंदिरांचा जीर्णोद्धार केला, देवाची व्यवस्था लावली. नागपूरकर म्हणून आपण त्यांचं ऋण मानतोच. पण ते इथले शेवटचे मोठे कर्ते, पहिले नव्हेत. लक्ष्मण मंदिरात यादव राजा रामचंद्राच्या काळातला शिलालेख आहे, म्हणजे तेराव्या शतकाच्या शेवटाकडचा, आणि त्यात रामटेकच्या आसपासच्या तीर्थांची नावं आहेत. तेव्हाच हे ठिकाण जुनं, नावाजलेलं होतं.

त्याच्याही मागे जा, आजपासून जवळजवळ सोळाशे वर्षं. विदर्भावर राज्य करणाऱ्या वाकाटक घराण्याची राणी प्रभावतीगुप्ता, गुप्त सम्राट दुसऱ्या चंद्रगुप्ताची मुलगी. नवरा रुद्रसेन लवकर गेला, मुलं लहान होती, आणि या बाईने राज्य चालवलं. तिचा एक ताम्रपट अमरावती जिल्ह्यातल्या रिद्धपूरचा आहे. तो कुठून दिला, तर रामगिरीस्वामीच्या, म्हणजे रामगिरीवरच्या देवाच्या, पायापासून. हा रामगिरी म्हणजे आपलं रामटेक. इतिहाससंशोधक वा. वि. मिराशींनी कालिदासाच्या मेघदूतातल्या यक्षाचा रामगिरीही हाच, असं आग्रहाने मांडलं. त्यावर वाद आहे, छत्तीसगडातल्या रामगढचंही नाव घेतलं जातं. पण प्रभावतीच्या ताम्रपटातला रामगिरी आणि इथली वाकाटकांची मंदिरं यांचं नातं सांगायला कालिदासाची साक्ष काढावी लागत नाही.

ती मंदिरं गर्दीच्या ओळीपासून हाकेच्या अंतरावर आहेत आणि तरी रिकामी असतात. केवल नरसिंहाच्या मंदिरात सकाळी जा. बाहेर ऊन, आत काळोख. डोळे सरावायला अर्धा मिनिट लागतं, मग आधी गुडघा दिसतो, मग हातातलं चक्र, मग तो रुंद चेहरा. लाल वालुकाश्माची भलीमोठी बैठी मूर्ती. मांडीवर हिरण्यकशिपू नाही, नखं नाहीत, रक्त नाही. नुसता, एकटा नरसिंह. चौकोनी खांबांवर कमळं कोरलेली आहेत. इथल्याच भिंतीवर एक खंडित शिलालेख आहे. 1980 च्या दशकात जुना गिलावा निघाला तेव्हा तो उजेडात आला. त्यात प्रभावतीचा संबंध आहे, आणि सुदर्शन नावाच्या एका तलावाचा उल्लेख आहे. शिलालेखाला हात लावू नका, खडू किंवा पाणी तर अजिबात लावू नका. अक्षरं आधीच बरीच गेली आहेत.

रुद्र नरसिंहाचं मंदिर जवळच, त्याच घडणीचं. त्रिविक्रमाचं, म्हणजे वामनाच्या विराट रूपाचं, मंदिर मात्र या सगळ्यांपासून वेगळं पडलेलं आहे. मंडपाचे खांब उभे आहेत आणि मूर्ती भंगलेली. आकाश मोजायला उचललेला तो पाय बघायला मी दरवर्षी एकदा तरी जातो, आणि तिथे मला आजवर क्वचितच कुणी भेटलंय. वराह तर सगळ्यांना माहीत आहे: एकाच दगडाचा, चार खांबांच्या छपराखाली उभा, ज्याच्या पोटाखालून निष्पाप माणूस पार होतो म्हणतात. लोक रांगेत वाकून जातात आणि हसतात. पण तोही त्याच वाकाटकांच्या काळातला आहे, हे त्यातल्या किती जणांना ठाऊक असतं?

वरच्या गर्दीचा कंटाळाच आला असेल तर आसपास दोन जागा आहेत. मनसरची हिडिंबा टेकडी पाच-सहा किलोमीटरवर. उत्खननात तिथे विटांचं प्रचंड बांधकाम निघालं. ते शैव की बौद्ध यावर मतभेद झाले, पण विटांचे ते थर स्वतः चालत बघणं वेगळंच. तिथेच सापडलेली शिवाची ठेंगणी, गुबगुबीत मूर्ती आता दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. दुसरी जागा नगरधन, म्हणजे वाकाटकांची राजधानी नंदिवर्धन. दिसतो तो किल्ला नंतरचा, पण गावाच्या परिसरात डेक्कन कॉलेज आणि राज्य पुरातत्त्व विभागाने केलेल्या उत्खननात प्रभावतीच्या नावाची मातीची मुद्रा मिळाली. जेमतेम साडेतीन सेंटिमीटर लांब, त्यावर शंख. बोटाच्या दोन पेरांवर मावेल एवढ्या त्या मातीवर राज्य चालवणाऱ्या बाईचं नाव आहे. रामटेकहून नगरधनला शेतांच्या बाजूने सकाळी चालत गेलात तर वाटेत मागे वळून बघत राहा. पांढरी गडमंदिरं पुष्कळ वेळ दिसत राहतात.

चौथा मुद्दा धोक्याचा. यावर मी हुज्जत घालणार नाही, कारण काळजी रास्त आहे. फक्त "फिरकू नका" हा उपाय नव्हे. एकटं जाऊ नका, निदान तिघं असा, त्यात एक जण आधी जाऊन आलेला. ठळक पायऱ्या आणि मळलेल्या वाटा सोडून गवतात घुसू नका. पावसाळ्यात आणि त्यानंतर साप असतात, आणि रचलेल्या दगडांच्या भिंती ही त्यांची आवडती जागा, म्हणून त्या भिंतींवर चढू नका, हात घालू नका. शेवाळलेल्या पायऱ्यांवर आणि अंबाळ्याच्या घाटावर पाय घसरतो, पाण्यात उतरू नका. अंधार पडायच्या आत खाली या. एप्रिल-मेमध्ये नऊनंतर चढूच नका. आपल्याकडे पारा पंचेचाळीसला टेकतो आणि ती लाल शिळा तव्यासारखी तापते. माणशी दोन लिटर पाणी घ्या. जाण्याआधी घरी वाट सांगून ठेवा, आणि वाटेबद्दल शंका आली तर घाटावरच्या माणसांना विचारा, ते नीट सांगतात. माझी म्हातारी आत्या सत्तरीत अंबाळ्याकडून चढली आहे, दर वीस पायऱ्यांना बसत.

अंबाळ्याबद्दल एक गोष्ट जास्त सांगायला हवी. तिथे लोक आपल्या माणसांच्या अस्थी घेऊन येतात. आपली शांत सकाळ ही कुणाच्या तरी आयुष्यातली सगळ्यात जड सकाळ असू शकते. स्पीकर लावून, ओरडत घाटावरून जाऊ नका, आणि त्यांचे फोटो तर मुळीच काढू नका.

पाचवा मुद्दा सह्याद्रीचा. सह्याद्री सह्याद्री आहे, मीही जातो. पण नागपूरहून तिकडे पोचायला एक रात्र जाते आणि यायला दुसरी. रामटेक पन्नास किलोमीटरवर आहे. दोन्हींची तुलना करायचं कारणच मला कळत नाही.

परवा मावसभावाला हे सगळं फोनवर सांगितलं. तो म्हणाला, मी तर दहादा गेलोय, नरसिंहाचं मंदिर कुठे आहे रे? येत्या रविवारी पहाटे पाचला त्याला घ्यायला जातोय. पोरं येणार आहेत, आत्याही म्हणतेय येते. आम्ही अंबाळ्याच्या घाटावर साडेसहाला असू.