किती देते?

सर्वप्रथम, नव्या आलिशान एसयूव्हीबद्दल अभिनंदन. गाडीवरचं लाल सॅटिनचं कापड तुम्ही सहकुटुंब ओढलंत, शोरूमवाल्यांचा केक कापलात, चार चाकांखाली चार लिंबं चिरडलीत, बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक काढलंत. ते पीपीएफ, म्हणजे रंग जपणारी पारदर्शक फिल्म, लावण्याआधी काढायचं की नंतर, यावरून घरात थोडी शब्दाशब्दी झाली असेल, सगळ्यांकडे होते. आता यापुढे तुमचं काम एकच: विचारील त्याला अनुभव सांगणे. गाडी चालवायला ड्रायव्हर ठेवता येतो, अनुभव सांगायला माणूस ठेवता येत नाही. म्हणून या चार सूचना.

गाडी का घेतली, ते आधी ठरवून टाका. मुंबईत दुसऱ्या कुणी मोठी गाडी घेतली की लोक ‘कितीला पडली’ विचारतात. मराठी माणसाने घेतली की ‘कशाला घेतलीस?’ विचारतात. ‘आवडली म्हणून’ हे उत्तर आपल्यात बसत नाही; मावशी लगेच आईला फोन करून ‘सगळं ठीक आहे ना त्याचं?’ विचारते. मान्यताप्राप्त कारणं तीनच आहेत. सेफ्टी, आईचे गुडघे आणि गावचा रस्ता.

सेफ्टी आता सगळेच सांगतात, त्यामुळे तिच्यात दम राहिलेला नाही. गुडघे मात्र उत्तम, आणि गंमत म्हणजे त्यात तथ्यही आहे. जीपसारख्या गाडीत चढावं लागतं, सेडानमध्ये बसकण मारावी लागते. क्रॉसओव्हरची, म्हणजे मोटार आणि जीप यांच्या मधल्या गाडीची, सीट बरोबर कमरेच्या उंचीला येते. टेकायचं आणि आत सरकायचं. टोयोटाने १९९७ साली जपानात हॅरियर काढली, १९९८ साली तीच लेक्सस आरएक्स या नावाने अमेरिकेत नेली, आणि तेव्हापासून हा प्रकार रुळला: सांगाडा मोटारीचा आणि आव जंगलात निघाल्याचा. तुमचीही तशीच आहे. तिच्या नशिबी आलेला सर्वांत मोठा चढ मॉलच्या पार्किंगचा रॅम्प असला, तरी ‘ऑफरोड मोड आहे’ हे सांगायला विसरू नका. आई भाजी आणायला रिक्षानेच जाईल, कारण ‘तुझं ते धूड लावायला जागा मिळत नाही’. तो तपशील पाहुण्यांसमोर येऊ देऊ नका.

गावचा रस्ता हे कारण गणपतीच्या आसपास वापरावं. मुंबई-गोवा महामार्गाच्या चौपदरीकरणाचं काम २०११ साली सुरू झालं, त्यामुळे ‘आपल्याला ग्राउंड क्लिअरन्स (गाडीच्या पोटाखालची उंची) हवाच’ या वाक्याला पनवेलपुढे कुणी हरकत घेत नाही. मग माणगावच्या कोंडीत सगळे सारखे होतात. तुमच्या एका बाजूला टेम्पो, दुसऱ्या बाजूला एसटी. एसटीचा क्लिअरन्स तुमच्याहून जास्त, आणि तिच्या खिडकीतल्या आजी तुमच्या पॅनोरमिक सनरूफमधून, म्हणजे काचेच्या छतातून, सरळ खाली, तुमच्या मांडीवरच्या डब्यात काय आहे ते बघत असतात. अशा वेळी छताचा पडदा ओढू नये. घावन-चटणी बघून त्या ओळखीचं हसतात, आणि एवढ्या पैशात गाडीने मिळवून दिलेली तीच एक निर्मळ ओळख असते.

किंमत एकच कधी सांगू नका. मेहुण्याला रोड टॅक्स आणि विम्यासकट ऑन-रोड सांगा, आत्याला त्यांच्याशिवायची एक्स-शोरूम, आणि सोसायटीच्या सेक्रेटरीला ‘अहो, लोनवर आहे सगळी’. त्यानंतर विषय करांकडे वळवा. श्रीमंत दिसल्याचा दोष करांची तक्रार केली की निम्मा उतरतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून अशा गाड्यांवर ४० टक्के जीएसटी आहे. त्याआधी २८ टक्के जीएसटी आणि वर २२ टक्के सेस, म्हणजे दोन गाड्यांच्या करात तिसरी गाडी. तुम्ही ऑगस्टमध्येच घाई केली असेल तर ही ओळ वाचली नाही असं समजा. त्या २२ टक्क्यांसाठी गाडी चार मीटरहून लांब, इंजिन दीड लिटरहून मोठं आणि ग्राउंड क्लिअरन्स किमान १७० मिलिमीटर, अशा अटी होत्या. म्हणजे क्लिअरन्सवर कर सरकार घेत होतं आणि तो वापरावा लागेल असे रस्तेही सरकारच पुरवत होतं. एवढी एकखिडकी योजना दुसरी दाखवा.

‘मी फर्मच्या नावावर घेतली, टॅक्स वाचला’ असं कुणी सांगितलं तर मान डोलवा. इन्कम टॅक्सात वर्षाला १५ टक्के घसारा मिळतो, हे खरं आहे. पण वीस लाखांवरच्या पेट्रोल गाडीला महाराष्ट्रात माणसाच्या नावावर १३ टक्के रोड टॅक्स लागतो आणि कंपनीच्या नावावर २०, हे त्याला त्याच्या सीएने सांगितलेलं नसतं. तुम्ही तरी का सांगा?

नंबरचा हट्ट असेल तर ४१४१ जरूर घ्या. फक्त, एप्रिल २०१९ पासून नव्या गाड्यांना हाय सिक्युरिटी प्लेट लागते, तीवर ‘दादा’ काढून मिळत नाही. दादागिरी हॉर्नवरच भागवावी लागते.

आता गाडी लावण्याविषयी, कारण मुंबईत गाडी बहुतांश वेळ लावलेलीच असते. तुमची इमारत पुनर्विकासात गेली असेल तर पार्किंग यांत्रिक असणार: लोखंडी पॅलेट, हायड्रॉलिक खांब आणि बटणापाशी बसलेला एक वॉचमन. गाडी दोन टनांच्या घरातली, आरसे धरून दोन मीटरहून रुंद. वॉचमन पहिल्या दिवशी पॅलेटवरच्या पिवळ्या रेघा बघतो, गाडी बघतो आणि ‘साहेब, ट्राय करून बघू’ म्हणतो. त्याच्या आवाजातला उत्साह मनाला लावून घेऊ नका, त्याने अख्ख्या सकाळीत एवढंच नवं पाहिलेलं असतं. लाइट गेली की गाडी वर आणि तुम्ही खाली. रिक्षा बोलवायची तर गेटच्या बाहेर वळणावर उभं राहून बोलवा; गॅलऱ्यांमधून लोक बघत असतात. आणि स्टिल्टमधलं, म्हणजे इमारतीच्या खांबांमधलं, पार्किंग बिल्डरला वेगळं विकता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१० साली सांगितलं आहे, हा मुद्दा जनरल बॉडीत मांडू नका. तुम्ही दोन विकत घेतली आहेत.

मसाज कुणाला मिळतो, हेही आधीच समजून घ्या. ब्रोशरमधला मसाज, थंड हवा सोडणारी सीट, समोरच्या काचेवर उमटणारा वेग ही सगळी सुखं बहुतेक पुढच्या उजव्या सीटला जोडलेली असतात, आणि मुंबईत त्या सीटवर ड्रायव्हर बसतो. तुम्ही मागे डावीकडे, लॅपटॉप मांडीवर, कलानगरच्या सिग्नलला मीटिंगमध्ये ‘अ‍ॅम आय ऑडिबल?’ विचारत. तुमच्या भविष्यनिर्वाह निधीतून ड्रायव्हरचं कंबर-मर्दन पुढे शांतपणे चालू असतं. तुम्ही बीकेसीत ऑफिसात गेलात की एसी चालू ठेवून सीट मागे पाडली जाते आणि गाडीचा खरा मालकी अनुभव सुरू होतो. रविवारी तुम्ही हौसेने चालवायला बसता तर सीट पुढे सरकलेली, स्टिअरिंग खाली आलेलं, आरशात आभाळ. घाबरू नका, ‘मेमरी २’ दाबा. एक नंबर त्याचा आहे.

तंत्रज्ञानाबद्दल फार बोलावं लागत नाही, कारण बहुतेक ते बंद केलेलं असतं. लेन सोडलीत की स्टिअरिंग थरथरतं. पश्चिम द्रुतगती महामार्गावर ते मुळात थांबतच नाही. दोन गाड्यांच्या मधून बाइक घुसली की आपोआप ब्रेक लागतो आणि मागचा टॅक्सीवाला तुमच्या सात पिढ्यांची विचारपूस करतो. ड्रायव्हरने दुसऱ्याच दिवशी सगळे आवाज घालवलेले असतात, कसे ते त्याला विचारून ठेवा. व्हॉइस असिस्टंटला दादरचा गोखले रोड सांगितला तर तो ठाण्याच्या गोखले रोडला निघतो. गरम होणाऱ्या सीटचं बटण मुलांच्या हाताला लागणार नाही असं बघा, विशेषतः ऑक्टोबरात. काचांना काळी फिल्म लावायची तर सर्वोच्च न्यायालयाने २०१२ पासून बंदी केलेली आहे. तेव्हा एवढं मोठं काचेचं छप्पर आणि खाली तुम्ही, असं हे उन्हाळी पीक आहे.

पावसाळ्याआधी गाडी किती पाण्यातून जाऊ शकते हा आकडा पाठ करा आणि पाणी तुंबणाऱ्या हिंदमाताला जाऊ नका. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला होता. तेव्हाच्या गोष्टी सांगणारा एक तरी काका तुमच्या गाडीत बसलेला असेल आणि मिलन सबवेच्या तोंडाशी ‘जाईल रे, उंच आहे’ म्हणेल. काकाचं ऐकू नका. आणि समजा पाण्यात बंद पडलीच, तर पुन्हा स्टार्टचं बटण दाबू नका. हा सल्ला मी अगदी सरळ मनाने देतो आहे. सिलिंडरमध्ये गेलेलं पाणी हवेसारखं दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो, आणि साध्या पॉलिसीत हे नुकसान बसत नाही. त्यासाठी इंजिन प्रोटेक्शनचं वेगळं कव्हर घ्यावं लागतं. गाडी ढकलून बाजूला घ्या. ढकलायला येणाऱ्या पोरांना ती किती टनांची आहे ते आधी सांगू नका.

उंदरांना मात्र तिची किंमत लगेच कळते. पावसात बिळं भरली की ते वर इंजिनात येतात, तिथे ऊब असते, आणि वायरिंग कुरतडतात. सकाळी डॅशबोर्डवर एकाच वेळी सात दिवे लागतात. सर्व्हिस सेंटरात तुम्हाला लाउंजमध्ये बसवून कॉफी दिली जाते आणि टॅबवर फोटो दाखवला जातो: इन्शुलेशनचा भुगा, अर्धवट खाल्लेली पावाची लादी आणि पिंपळाच्या पानांचं नीटस अंथरूण. वायरिंगचा पूर्ण हार्नेसच बदलावा लागतो, तो परदेशातून येतो, आणि ‘सर, टेन्टेटिव्हली पाच-सहा आठवडे’. एस्टिमेटचा आकडा वाचताना कॉफीचा कप खाली ठेवलेला बरा. घरी आल्यावर वॉचमन सांगतो की तंबाखूची पानं टाका, शेजारचे जुन्या वॅगनआरमध्ये टाकतात, त्यांना कधी त्रास झाला नाही. टाका. चामड्याच्या सीटना पानपट्टीचा वास येतो, पण ‘इंटिरियर जरा वेगळंच आहे’ असं लोक आपणहून म्हणतात.

टायरला फुगा आला तर तो पेव्हर ब्लॉकवर आलेला असतो, आणि डिकी उघडून स्टेपनी शोधू नये. बऱ्याच गाड्यांना ती नसतेच, रन-फ्लॅट टायर असतात. हवा गेली तरी बेताच्या वेगात ऐंशीएक किलोमीटर जातात. पुलाखालचा पंक्चरवाला टायरला हात लावून बघतो आणि तुम्हालाच चहा विचारतो.

एवढं झालं की प्रश्न उरतो तोच. लग्नात, बारशाला, दहाव्याला सुद्धा, कुणीतरी खांद्यावर हात ठेवून विचारणारच: ‘किती देते?’ खरा आकडा सांगायचा नसतो. तुम्ही जो सांगायचा तो असा मिळवा: रविवारी पहाटे मरीन ड्राइव्हला ट्रिप मीटर शून्य करा, कोस्टल रोडला लागा, मलबार हिलखालच्या दोन किलोमीटरच्या बोगद्यात साठ आणि बाहेर ऐंशी अशी मर्यादा पाळत वरळीपर्यंत जा आणि डिस्प्लेचा फोटो काढा. हीच ती दहा मिनिटं ज्यांसाठी गाडी बनवलेली आहे. इंजिन ऐकूही येत नाही, समुद्र दिसतो, आणि ड्रायव्हरला सुट्टी असते. हा फोटो वर्षभर पुरतो. कुणी खोलात शिरलंच तर इथेनॉलवर ढकला. पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असतं आणि त्यात पेट्रोलपेक्षा ऊर्जा कमी असते, त्यामुळे अ‍ॅव्हरेज थोडं पडतं, हे खरंच आहे. किती पडतं हे मात्र तुम्ही ठरवा.

काटकसर सोडू नका. अटल सेतूला एका फेरीचे २५० रुपये लागतात. ऑक्टोबर २०२४ पासून मुंबईच्या पाचही टोलनाक्यांवर हलक्या वाहनांना माफी आहे, आणि तुमचं दोन टनांचं वाहन कायद्याने हलकंच आहे. तेव्हा सेतूपलीकडे चिर्ल्याला जाताना वाशीवरून जा. तासभर उशिरा पोचाल आणि उरलेल्या अडीचशेची गोष्ट जेवताना सांगाल, तेव्हा पहिल्यांदाच सगळे तुमच्याकडे कौतुकाने बघतील.

तीन वर्षांनी ती विकावीशी वाटेल. जुन्या गाड्यांचा दलाल सांगेल तो भाव ऐकून बसायला खुर्ची आहे ना बघा; सीट ठीक उंचीची असली तर गुडघ्यांना बरं. दलालापेक्षा मेहुणा चांगला. तो गेली तीन वर्षं तुमचे अनुभव ऐकतो आहे: सेफ्टी, गावचा रस्ता, कोस्टल रोडवरचा फोटो. ‘दाजी, मी विचार करतोय,’ असं तो कधीतरी म्हणेलच. लगेच हो म्हणू नका. ‘आमचा जीव आहे रे तिच्यात’ म्हणा, बायकोकडे बघा, आणि मग दलालापेक्षा दोन लाख वर घेऊन द्या. नारळ फोडायला आवर्जून जा, चाव्या आपल्या हाताने द्या. तंबाखूची पानं आदल्या रात्री काढून ठेवा, उंदरांचं त्याचं तो बघेल.