‘मग ह्याला काय स्पेशल येतं?’

मुलगा ऑटिस्टिक आहे म्हटलं की हल्ली पुढचा प्रश्न ठरलेला. गणित? चित्रं? कॅलेंडर पाठ आहे का?

काही नाही येत हो. १७ वर्षांचा आहे, बोलत नाही, आंघोळ घालावी लागते. लिफ्टचं दार उघडताना होणारा ‘टिंग’ त्याला फार आवडतो. त्यामुळे कुणाकडे गेलो की आधी लिफ्टच्या चार फेऱ्या, मग चहा.

हा प्रश्न सिनेमानं लोकांच्या डोक्यात घातला. १९८८च्या ‘रेन मॅन’मधलं अफाट स्मरणशक्तीचं ऑटिस्टिक पात्र ज्या खऱ्याखुऱ्या किम पीकवरून सुचलं, तो ऑटिस्टिक नव्हता असंच तज्ज्ञांचं मत पडलं. पण छाप बसायची ती बसलीच. आपल्याकडे २०१०च्या ‘माय नेम इज खान’चा नायक ॲस्पर्जरवाला (म्हणजे बोलता येणारा, हुशार असा ऑटिझमचा प्रकार), एकटा अमेरिका पालथी घालतो. माझा मुलगा एकटा जिना उतरला तर वॉचमन मला फोन करतो.

२०१३ साली डीएसएम-५ने, म्हणजे मानसिक निदानांच्या अमेरिकन नियमपुस्तकानं, ॲस्पर्जर वगैरे वेगळी निदानं काढली आणि सगळ्यांना ‘ऑटिझम स्पेक्ट्रम’ या एकाच नावाखाली आणलं. ज्याच्यावरून ते नाव पडलं त्या डॉक्टर हान्स ॲस्पर्जरचं नाझी काळातलं वागणं (अपंग मुलांना मारणाऱ्या केंद्रात पाठवायला त्यानं हातभार लावला) वाचल्यावर ते नाव गेल्याचं मला तरी दुःख नाही. पण आयटीत नोकरी करणारा तरुण आणि माझा मुलगा, दोघांचं निदान आता एकच. कागदावर, किती मदत लागते त्यावरून तीन लेव्हल आहेत; पहिलीत सर्वांत कमी. टीव्हीवर मुलाखत देणारा मात्र नेहमी पहिल्या लेव्हलचाच. साहजिक आहे, बोलता त्यालाच येतं.

म्हणून २०२१मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय मासिकाच्या तज्ज्ञ समितीनं ज्यांना चोवीस तास कुणीतरी जवळ लागतं त्यांच्यासाठी ‘प्रोफाउंड ऑटिझम’ असं वेगळं नाव सुचवलं, तेव्हा मला बरं वाटलं. अनेक ऑटिस्टिक प्रौढांचा त्याला विरोध आहे. अशा लेबलनं मुलांवर कायमची फुली बसते, आणि ‘सौम्य’ ठरलेल्यांना मदत नाकारायला निमित्त मिळतं, असं त्यांचं म्हणणं. दुसरा मुद्दा मला पटतो. आपल्याकडे अपंगत्वाच्या प्रमाणपत्रासाठी ‘इसा’ ही ऑटिझम मोजायची ४० मुद्द्यांची भारतीय तपासणी असते, प्रत्येक मुद्द्याला १ ते ५ गुण. त्यातून निघणारं अपंगत्व ४० टक्क्यांच्या खाली गेलं की बऱ्याच सवलती गेल्या, मग त्या माणसाची रोज कितीही फरफट होवो. आणि वर ‘दिसत तर नाही काही!’ हे ऐकायचं.

तरीही वेगळं नाव हवंच, यावर मी ठाम आहे. नाव नसेल तर आमची मुलं भाषणांतून गायबच होतात.

(मोबाइल-टीव्हीनं ऑटिझम होतो म्हणणारं ते ‘व्हर्च्युअल ऑटिझम’ प्रकरण तेवढं बंद करा. डीएसएममध्ये असं निदानच नाही. डॉक्टर लिओ कॅनरनं १९४३मध्ये ११ ऑटिस्टिक मुलांबद्दल पहिल्यांदा लिहिलं तेव्हा कुणाच्या हातात मोबाइल होता? पूर्वी आईच्या थंड स्वभावाला दोष द्यायचे, आता तिनं दिलेल्या मोबाइलला.)

पुढच्या वर्षी मुलगा १८चा होईल. मग ऑटिझमसारखं अपंगत्व असलेल्यांसाठीच्या नॅशनल ट्रस्ट कायद्याखाली जिल्हाधिकाऱ्यांच्या समितीकडे त्याच्या पालकत्वासाठी अर्ज करायचा. बाप असलो तरी. आमच्यानंतर पालक कोण, हे मात्र अजून बायकोशीसुद्धा धड बोलून झालेलं नाही.